अडीच किलोमीटर आणि मध्ये केळी

शेतातल्या मोटारची खबर रेडिओवरून घरी देणारं जे यंत्र मे महिन्यात एकदम झक्कास चालत होतं ते दिवाळीच्या आधी मेलं, आणि का मेलं ते कळायला मला डिसेंबर उजाडला. तोवर दोन मॉड्यूल, म्हणजे रेडिओचे तयार छोटे बोर्ड, बदलून झाले, कोड तीनदा पुसून लिहिला, एका ऑनलाईन दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर शिव्या घालून झाल्या, आणि दोष त्यातल्या कशातच नव्हता. बरेच जण विचारतात की लोरा (कमी ताकदीत लांब निरोप पोचवणारा रेडिओ) लावतोय, रेंज किती मिळते, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

आमचं शेत यावलच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे. घरापासून मोटारच्या खोलीपर्यंत गाडीने गेलं की रस्त्याने साडेतीन किलोमीटर पडतं पण सरळ रेषेत २.६ किलोमीटर, नकाशावर पट्टी धरून मोजलंय. केळी आहे, म्हणजे पाणी कधीच सुटत नाही, आणि शेतीची लाईट कधी दिवसाच्या पाळीला तर कधी रात्रीच्या. रात्रीची पाळी आली की आप्पांची, म्हणजे वडिलांची, झोप गेली. लाईट आली का, ऑटोने, म्हणजे आपोआप चालू करणाऱ्या डब्याने, मोटार उचलली का, का एखादा फेज गेला, का मोटार चालू आहे पण पाणीच उचलत नाही, हे बघायला रात्री बाराला नाहीतर तीनला बॅटरी घेऊन निघायचं. वय ६४. वर मागच्या दोन वर्षांत आमच्या शिवारात बिबट्याचे पाय दिसले, तेव्हापासून आईची पण झोप गेली. मी जळगावला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस मी रूमवर पंख्याखाली आणि आप्पा बांधावर, हे काही मनाला बरं वाटत नव्हतं.

आता कोणी म्हणेल मोबाईल ऑटो लाव ना, सिमवाला, सगळ्यांकडे आहे. आमच्याकडे पण होता. पण खोलीच्या तिथं मोबाईलला एक दांडी येते, ती पण वारा असेल तशी, आणि वर्षातून दोन दिवस वापरा नाहीतर तीनशे पासष्ट दिवस वापरा सिमला रिचार्ज मारावाच लागतो. एकदा रिचार्ज संपला ते कोणाच्या लक्षातच नाही, चार दिवस आप्पा समजत होते मोटार मुकी झाली. तो डबा काढून ठेवला.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, नोकरीत त्याचा उपयोग शून्य, हात शिवशिवतच होते. आधी एनआरएफ२४ नावाचा रेडिओ मॉड्यूल घेतला, तो काळा अँटेना लावलेला मोठा, त्याच्यावर लिहिलं होतं एक किलोमीटर. तो आमच्या वाड्याच्या मागच्या लिंबापर्यंत गेला आणि लिंबाच्या पलीकडे नाही. २.४ गिगाहर्ट्झ, वायफायचाच बँड, त्याला झाडपाला म्हणजे भिंतच. मग एचसी-१२ घेतला, तो ४३३ मेगाहर्ट्झवाला, तो बिचारा बराच चांगला, सातआठशे मीटर मोकळ्यावर आरामात गेला, कोड पण सोपा, इकडे सिरीयल पोर्टमध्ये लिहा आणि तिकडे वाचा. पण २.६ काही त्याच्याने झालं नाही. मग लोरा.

लोराची गंमत थोडी नीट सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. साधा रेडिओ एका फ्रिक्वेन्सीवर बसून राहतो आणि त्याच्यातच शून्य-एकचा खेळ करतो. लोराचा सिग्नल सरकत जातो, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत चढत जातो आणि पुन्हा खालून चढतो. त्याला चर्प म्हणतात. आप्पा रात्री बाजेवर पडल्यापडल्या सांगतात की कोणाची मोटार आता सुरू झाली, कारण सुरू होताना जो हूंऊऊ करत आवाज चढत जातो तो कुत्रे भुंकत असले, लग्नाचा डीजे वाजत असला तरी कान बरोबर पकडतो, एकसारखा आवाज असता तर त्या गोंगाटात हरवला असता. रिसिव्हर तेच करतो, त्याला माहित असतं चढ कसा असणार आहे, तो तेवढाच चढ गोंगाटातून शोधून काढतो. इतका की सिग्नल गोंगाटाच्या खाली वीस डेसिबल असला, म्हणजे गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतका, तरी सगळ्यात हळू सेटिंगला तो वाचता येतो. ही कल्पना फ्रान्समधल्या सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीची, २०१२ मध्ये सेमटेकने ती विकत घेतली, आणि आज आपण जे स्वस्तातले मॉड्यूल मागवतो त्यातल्या बहुतेकांच्या पत्र्याच्या झाकणाखाली सेमटेकचीच चिप असते, एसएक्स१२७६, १२७८ नाहीतर नवीन १२६२.

किती बारीक सिग्नल असतो याचा हिशोब मी एकदा कागदावर केला आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. मी पाठवतो ५० मिलीवॅट, म्हणजे १७ डीबीएम (१ मिलीवॅटला शून्य धरून डेसिबलमध्ये मोजलेली ताकद). समोर -१२० डीबीएम जरी पोचलं तरी पॅकेट, म्हणजे एक निरोप, वाचता येतं. हा फरक १३७ डेसिबलचा, म्हणजे पाठवलेल्या ताकदीचा पन्नास लाख कोटीवा भाग. तेवढ्या कणावरून तो डबा सांगतो की बॅटरी ३.९ व्होल्ट आहे आणि मोटार ७.६ अँपिअर ओढतेय. २०१७ मध्ये एका बलूनवर बसवलेल्या लोराचं पॅकेट २५ मिलीवॅटवर ७०२ किलोमीटर लांब ऐकलं गेलं होतं, युरोपात. लोक तो आकडा सांगतात आणि सोडून देतात, बलून अडतीस किलोमीटर उंचीवर होता हे कोणी सांगत नाही. मला पण ती उंची तेव्हा खटकली नाही, आता खटकते.

फ्रिक्वेन्सीचं एक सांगतो, कारण दुकानदार जे असेल ते गळ्यात मारतात. आपल्याकडे विना लायसन ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ २००५ पासून मोकळं आहे, १ वॅट ट्रान्समीटरपर्यंत, आणि २०२१ मध्ये ते ८६८ पर्यंत वाढवलं. ४३३ ला पॉवरची मर्यादा फारच कमी, १० मिलीवॅट, आणि चॅनल पण अरुंद, म्हणजे बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारा ४३३ चा लोरा मॉड्यूल आपल्या कामाचा नाही. ९१५ वाला अमेरिकेचा, तो मागवून इकडे वापरू नका. मॉड्यूलवर ८६८ लिहिलेलं असलं तरी चालतं, कोडमध्ये ८६५ ते ८६८ च्या मधलं कुठलंतरी टाकायचं. लोरावॅन म्हणजे लोरावर चालणारं मोठं सामाईक नेटवर्क, त्यांचे इकडचे ठरलेले तीन चॅनल आहेत ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५, मी त्यांच्या वाटेत न येता थोडा बाजूला बसलो. लोरावॅन मी वापरत नाही, त्याला गेटवे पाहिजे, सर्व्हर पाहिजे, आणि माझ्याकडे एक विहीर आणि एक घर एवढाच संसार आहे.

शेतावरच्या डब्यात अर्डुइनो प्रो मिनी, म्हणजे कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झवाला. ३.३ चाच घ्या, मी पहिला मॉड्यूल ५ व्होल्टच्या अर्डुइनो उनोला सरळ जोडून जाळला, धूर पण नाही निघाला, नुसता गप्प बसला. दुसरा बिना अँटेनाचा फुल पॉवरवर चालवला टेबलावर टेस्टिंग म्हणून, तो मेला नाही पण त्यानंतर त्याच्यात दम राहिला नाही, दहापंधरा डेसिबल कमी. अँटेना नसला की ताकद जाते कुठं, परत चिपमध्येच. आता सवय लावून घेतलीय, आधी अँटेना, मग बॅटरी.

मोटारच्या एका फेजच्या वायरवर कॉइल अडकवली, ती क्लॅम्पवाली, वायर कापावी लागत नाही. पाणी उचलत असेल तर आमची पाच एचपी साडेसात-आठ अँपिअर ओढते, कोरडी फिरली की पाचच्या खाली येते, एवढ्यावरून कळतं. तीन फेजला तीन ऑप्टोकपलर, लाईट आहे का नाही एवढंच बघायला. हे काम तुम्ही मेन बंद करून आणि माहितगार माणसाला शेजारी उभं करूनच करा, मी वायरमन मित्राला बोलावलं होतं. डब्याला लाईटवर चालवून उपयोग नाही कारण लाईट गेली हीच तर बातमी द्यायचीय, म्हणून १८६५० चा एक सेल आणि छोटं सोलर. प्रो मिनीवरचा लाल एलईडी आणि रेग्युलेटर उपटून टाकला की झोपेत तो पाचदहा मायक्रोअँपिअरवर येतो. ईएसपी३२ चा बोर्ड आधी लावला होता, चिप झोपली तरी बोर्डवरचं बाकी सामान जागंच, आठ दिवसांत सेल झोपला.

सुरुवातीला मी शहाणपणा करून जेसन, म्हणजे नावं-आकडे अक्षरांत लिहिलेला मजकूर, पाठवत होतो, कंसबिंस सगळं, सत्तर बाईट. सगळ्यात हळू सेटिंगला, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ) १२ ला, ते हवेतून जायला तीन सेकंद लागतात. तीन सेकंद! लोरामध्ये लांब जायचं असलं तर हळू बोलावं लागतं, एसएफचा आकडा एकाने वाढवला की वेळ जवळजवळ दुप्पट आणि त्याच्या बदल्यात अडीच डेसिबल जास्त. मग सगळं आवळून बारा बाईटमध्ये बसवलं. नोड नंबर, मोजणीचा आकडा, तीन फेजचे तीन बिट, अँपिअर, बॅटरी, डब्यातलं तापमान, आणि उरलेले दोन-तीन बाईट राखीव. बारा बाईट एसएफ७ ला ४१ मिलिसेकंदात जातात आणि एसएफ१२ ला १.१५ सेकंदात.

मे मध्ये टेस्टिंग केली. ४६ अंश ऊन, मी गच्चीवर अँटेना लावून मोटारसायकलवर निघालो, दर दोनशे मीटरला थांबून सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) लिहायचा, डोक्याला उपरणं. पाटाजवळ -८४. गावठाण संपलं तिथं -८८. मोटारच्या खोलीच्या धाब्यावर, आठ-साडेआठ फुटावर, -९७, आणि सिग्नल गोंगाटाच्या वर सहा डेसिबल, आणि तेही एसएफ७ ला, सगळ्यात फास्ट. शंभर पॅकेट पाठवले, शंभर आले. मी तिथंच खोलीच्या सावलीत बसून आईला फोन लावायला गेलो तर रेंज नाही. म्हणजे मोबाईल कंपनीचा टॉवर जे करू शकला नाही ते माझ्या साडेआठ सेंटीमीटरच्या तारेने केलं. तो दिवस छातीवर हात ठेवून सांगतो, लय भारी गेला.

घरी मी छान स्क्रीन लावला होता, ओलेड, त्याच्यावर ग्राफबिफ. आप्पांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "हे वाचाले मले पहिले चष्मा शोधा लागीन, तोवर मी वावरात जाऊन येईन." बरोबर आहे. मग स्क्रीन काढला आणि बाजेवरून दिसतील असे तीन मोठे लाईट लावले. हिरवा म्हणजे तिन्ही फेज आले, पिवळा म्हणजे मोटार पाणी उचलतेय, लाल म्हणजे मोटार कोरडी फिरतेय किंवा पंधरा मिनिटं काहीच निरोप नाही. लालबरोबर बझर. घरातून मोटार चालू करायची सोय मी करून देतो म्हणालो तर त्याला आप्पांनी साफ नाही म्हटलं. कोणी विहिरीत उतरलेलं असतं, कोणाचा हात स्टार्टरमध्ये असतो, आणि तू जळगावहून बटन दाबशील. बंद करायची सोय ठेव, चालू करायला माणूसच पाहिजे. याच्यावर मी वाद घातला नाही.

जून, जुलै, ऑगस्ट छान गेले. आप्पा रात्री कूस बदलून भिंतीकडे बघायचे, पिवळा दिसला की झोपायचे. सप्टेंबरात आईचा फोन, अरे तो लाल लाईट मधूनमधून कोकलतो. मी म्हटलं बॅटरी असेल. शनिवारी जाऊन बघितलं, बॅटरी ठणठणीत. ऑक्टोबरात दिवसातून चारपाच वेळा लाल, आणि दिवाळीच्या आधी तर लालच. आप्पांनी एक दिवस बझरची वायर काढून टाकली, आणि टॉर्च घेऊन परत रात्री वावरात जायला लागले. मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आता माझी शोधाशोध बघा. पहिल्यांदा वाटलं मॉड्यूल खराब, नवीन मागवला, तोच प्रकार. मग वाटलं कोड. मग गच्चीवर गेलो तर लक्षात आलं की जूनमध्ये स्लॅबवर ताडपत्री टाकताना अँटेना मोडला होता आणि मी ड्रॉवरमधला दुसरा लावला होता, काळा, रबरी, दिसायला सेम टू सेम, पण तो निघाला ४३३ चा! ८६६ ला पाव तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटीमीटर पडते, ४३३ ला सतरा. रबराच्या आत कोणाची कॉइल आहे हे बाहेरून कळत नाही, लेबलवर तर काहीही छापतात. तो काढला, साडेआठ सेंटीमीटरची तांब्याची तार आणि खाली चार रेडियल, म्हणजे बाजूला पसरलेल्या तारा, असा हाताने बनवलेला लावला, आणि लगेच सात-आठ डेसिबल वर. लाल बंद. मी गल्लीत छाती काढून फिरलो. आठ दिवसांनी परत लाल.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. पुस्तकी हिशोब असा की बँडविड्थ, म्हणजे सिग्नलने व्यापलेली रुंदी, कमी केली की गोंगाट कमी येतो आणि रेंज वाढते, म्हणून १२५ किलोहर्ट्झची २०.८ केली. टेबलावर चालतंय, शेतावर काहीच नाही. कारण स्वस्त मॉड्यूलचा क्रिस्टल, जो फ्रिक्वेन्सी ठरवतो. दहावीस पीपीएम (दहा लाखात दहावीस) चूक म्हणजे ८६६ मेगाहर्ट्झवर आठ ते सतरा किलोहर्ट्झ इकडेतिकडे, त्यात एक डबा उन्हात तापलेला आणि एक घरात गार, दोघं एकमेकांच्या शेजारून बोलतायत. १२५ ला ही चूक खपून जाते, २०.८ ला नाही. परत १२५ ला आलो.

डिसेंबरात एक गोष्ट लॉगमध्ये दिसली. दुपारी एक ते चारच्या मध्ये निम्मी-अर्धी पॅकेट येत होती, पहाटे चार ते आठ एकही नाही. थंडी पडली होती, पहाटे दव. मी म्हटलं अँटेनाच्या जोडात पाणी जातंय, वर चढून टेप गुंडाळून आलो. त्या रात्री जेवण झाल्यावर, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन अंग जड झालेलं, मी गच्चीवर त्या अँटेनाजवळ उकिडवा बसलेलो, आप्पा वर आले.

"काय पाहू राहिला रे अंधारात?"

"सिग्नल कुठं अडकतोय ते."

आप्पा उत्तरेकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. "उन्हाळ्यात इथून आपल्या मोटारच्या खोलीचा बल दिसे. आता नाही दिसत. केळी वर आली ना मधे."

बस. बल म्हणजे बल्ब. मे मध्ये आमच्या आणि शेताच्या मध्ये काय होतं? कपाशी उपटलेली काळी जमीन आणि गहू काढलेलं रान. नजर सरळ खोलीवर. जूनमध्ये मधल्या दोघांनी मृगबाग, म्हणजे मृगातली केळी, लावला, टिश्यू कल्चरची रोपं, वीतभर. ऑगस्टपर्यंत गुडघा-मांडीला. आणि दिवाळीपर्यंत डोक्याच्या वर, पानं धरून तर आठदहा फूट, आणि माझा अँटेना साडेआठ फुटावर. म्हणजे मी दर आठवड्याला कोड बदलत होतो आणि केळी दर आठवड्याला एक पान टाकत होती.

आणि केळीच ती, तिच्यात आहे काय, पाणीच तर आहे. खोड कापलं की धार लागते. एवढी मोठी पानं, पाण्याने भरलेली, किलोमीटरभर एकामागे एक उभी, वरून दव, असा पडदा रेडिओला फाडून जावा लागतो. दुपारी पानं कोरडी, म्हणून दुपारी थोडं जायचं. मी ज्याला अँटेनाचा जोड म्हणत होतो ते दीडशे एकराचं ओलं फडकं होतं.

नुसतं दिसलं म्हणजे झालं असंही नसतं हे त्यानंतर वाचलं. दोन अँटेनांमध्ये रेडिओला दोरीसारखी सरळ रेषा पुरत नाही, मध्ये फुगलेली जागा लागते, काकडीसारखी, दोन्ही टोकाला निमुळती. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. २.६ किलोमीटरला ८६६ मेगाहर्ट्झवर मधोमध तिची त्रिज्या पंधरा मीटर निघते, आणि त्यातली साठ टक्के तरी मोकळी पाहिजे, म्हणजे नऊ मीटर. मधोमध नऊ मीटर, तीस फूट! म्हणजे मे महिन्यात पण माझी काकडी अर्धी जमिनीत गाडलेली होती, बाकी सगळं इतकं चांगलं होतं म्हणून निभावलं. आणि मी तेव्हा समजत होतो की मॉड्यूल भारी आहे.

उपाय मग काय, उंची. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वीस फुटाचा दीड इंची जीआय पाईप घेतला, खोलीच्या भिंतीला दोन क्लॅम्प मारून उभा केला, तीन बाजूंनी तार ओढली कारण केळीच्या पट्ट्यात वैशाखात जी वावधन, म्हणजे वादळी वारा, येते ती बागा झोपवते, पाईपची काय कथा. मॉड्यूलचा डबाच वर नेला पाईपच्या टोकाला, खाली फक्त सेन्सरच्या वायरी आणल्या. हे का, तर केबलमध्ये सिग्नल मरतो, बारीक काळी केबल दहा मीटर ओढली तर या फ्रिक्वेन्सीला पाचसहा डेसिबल सहज खाते, म्हणजे उंची देऊन कमावलेलं केबलला वाहायचं. उंच लोखंड म्हणजे वीज पडायची पण भीती, म्हणून पाईपला खाली स्वतंत्र अर्थिंग केलं आणि पाईप मोटारच्या स्टार्टरपासून चार हात लांबच्या कोपऱ्यावर घेतला. वीज थेट पडली तर काही वाचत नाही हे मला माहित आहे, पण निदान मोटार वाचावी. घरचा अँटेना पण स्लॅबच्या कठड्यावरून टाकीच्या वर नेला.

आणि एसएफ ७ चा १० केला. बारा बाईटला ४१ च्या जागी २८९ मिलिसेकंद, पाच मिनिटाला एकदा बोलायचं, कोणाला घाई आहे. त्याने साडेसात डेसिबल पदरात पडले. पहिल्या दिवशी केळी तशीच उभी असताना आकडा आला -१०४. त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत घड बाहेर पडले, पानं आणखी वर गेली, -१०७ पर्यंत उतरला, पण एसएफ१० ला -१३० पर्यंत वाव आहे, लाल एकदाही नाही लागला. म्हणजे लागला एकदा, मार्चमध्ये, तो खरंच मोटार कोरडी चालली म्हणून, तेव्हा आप्पांनी घरूनच बंद केली आणि फूटव्हॉल्व्हमध्ये प्लास्टिकची पिशवी निघाली.

उन्हाळ्यात वरच्या डब्यात ६३ अंश मोजले. काळा डबा होता, तो पांढरा केला आणि वर पत्र्याची टोपी दिली सावलीला, ५१ वर आला. लिथियमच्या सेलला एवढ्या उन्हात चार्ज करणं बरं नाही म्हणून सेल खाली खोलीत ठेवला आणि फक्त मॉड्यूल वर. तरी एक सेल या मे मध्ये गेलाच. आता लोखंडवाला फॉस्फेट सेल लावायचा विचार आहे, तो उष्णता जरा सोसतो, बघू.

कोणी विचारलं की किती लांब जातो तर मी आता उलट विचारतो, तुझ्या शेतातून तुझ्या घराचा लाईट दिसतो का, आणि ते पण पोळ्याला दिसतो का, मे महिन्यात नाही. ऊस, मका, केळी यातलं मध्ये काही असेल तर पीक जिथवर जाणार त्याच्या वर दहा फूट अँटेना धर आणि मग मॉड्यूलची किंमत विचार. बाजूच्या बापूंना हेच सांगितलं तर ते म्हणाले, "अरे भो, मग तो डबा काय कामाचा, पाईपच महाग पडला." पाईप, क्लॅम्प, मजुरी धरून खरंच डब्याच्या दुप्पट पडला.

मागच्या महिन्यात मधल्या शेतातला माल कापायला लागले. मी जळगावला होतो, मला काही पत्ता नाही. आता आकडा मी परत दाखवतो, मोठ्या अक्षरात, आप्पांनीच मागितला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "एकशेसातचा एकशेतीन झाला रे आज. बापूची कटाई सुरू झाली वाटते."

मी विचारलं, तुम्ही गेले होते का तिकडे?

"नाही. घरीच आहे. अन् पीलबाग ठेवणार आहे तो, जुन्या बुंध्याच्याच पिलांची, म्हणजे पोळ्यानंतर आकडा पुन्हा खाली जाईन."